काराकुमच्या रुळांवर पंजाबी पलटण

१९१८ च्या ऑगस्टच्या मध्यावर फ्रेडरिक बेली नावाचा इंग्रज अधिकारी काशगरहून डोंगर ओलांडून ताश्कंदला पोहोचला. यंगहजबंडबरोबर ल्हासाला गेलेला, त्सांगपोच्या घळीत भटकलेला, हिमालयातल्या निळ्या पॉपीच्या एका जातीला ज्याचे नाव मिळाले तो हाच बेली. ताश्कंदमध्ये तेव्हा बोल्शेविकांची सत्ता होती. त्यांचा रोख ओळखणे, तुर्कस्तानातल्या हजारो जर्मन-ऑस्ट्रियन युद्धकैद्यांवर आणि तिथल्या कापसाच्या साठ्यांवर नजर ठेवणे, एवढ्यासाठी हिंदुस्थान सरकारने त्याला धाडले होते. परराष्ट्र खाते सांभाळणाऱ्या दामागात्स्की या कमिसाराला तो भेटला तेव्हा दामागात्स्कीने थेटच विचारले: तुम्ही इथे बोलणी करायला आलात, मग अश्काबादच्या बाजूला तुमचे सैनिक आमच्याशी का लढत आहेत?

बेलीला यातले काहीही ठाऊक नव्हते. त्याच हिंदुस्थान सरकारने इराणमार्गे दुसरी मोहीम पाठवली होती आणि तिच्या मशीनगनने नुकत्याच ताश्कंदच्या लाल सैनिकांवर गोळ्या झाडल्या होत्या. मशीनगन चालवणारे शिपाई १९व्या पंजाबी पलटणीचे होते. रशियाच्या यादवी युद्धात परकी सैन्ये उतरली त्याची जी चित्रे आपल्यासमोर येतात, त्यांत बर्फातले अर्खांगेल्स्क असते, व्लादिवोस्तोकचे जपानी असतात, ओदेसातले फ्रेंच असतात. आपल्या माणसांनी ज्या वाळवंटात रक्त सांडले तो काराकुमचा काठ त्या चित्रात क्वचितच दिसतो. मला तो दिसायला हवा असे वाटते, कारण परकी हस्तक्षेप सुरू कसा होतो आणि संपतो कसा, हे त्या एका रेल्वेमार्गावर फार स्पष्ट वाचता येते.

त्या रेल्वेमार्गापासूनच सुरुवात करावी लागेल. कास्पियन समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरचे क्रास्नोव्होद्स्क बंदर, तिथून किझिल-अर्वात, अश्काबाद, मर्व, मग अमुदर्या ओलांडून बुखारा, समरकंद आणि ताश्कंद. १८८० मध्ये जनरल अनेन्कोव्हने हा मार्ग घालायला घेतला तो लष्करासाठी. तेक्के तुर्कमेनांचा पाडाव करायचा होता. जानेवारी १८८१ मध्ये स्कोबेलेव्हने त्यांचा गेओक-तेपेचा किल्ला सुरुंग लावून फोडला आणि पळणाऱ्या बायकामुलांसह हजारोंची कत्तल केली. १८८८ मध्ये रूळ समरकंदला भिडले. डाव्या हाताला वाळू, उजव्या हाताला कोपेत-दागचे डोंगर, डोंगरांपलीकडे इराण. गाव, विहीर, बाजार, पाणी भरायची टाकी, जे काही होते ते रुळांना लागून. रूळ सोडून दूर जाणाऱ्या फौजेला पाणी मिळणे मुश्कील होते, म्हणून १९१८ ची लढाईही रुळांवरच झाली. मालगाड्यांच्या डब्यांभोवती कापसाच्या गासड्या रचून त्यांना चिलखत केले जाई, पुढच्या उघड्या डब्यावर तोफ चढवली जाई, आणि मागच्या डब्यांत सैनिक राहत, जेवत, झोपत. शत्रू पुढच्या स्टेशनात, आपण मागच्या.

झारचे राज्य मार्च १९१७ मध्ये कोसळले तेव्हा या प्रदेशाच्या पोटात आधीच आग होती. १९१६ च्या उन्हाळ्यात स्थानिक मुसलमान पुरुषांना आघाडीमागच्या मजुरीसाठी जबरदस्तीने नेण्याचा हुकूम निघाला, त्यातून बंड उसळले आणि ते निर्दयपणे चिरडले गेले. शिवाय साम्राज्याने गव्हाच्या जमिनीत कापूस लावला होता. धान्य उत्तरेकडून यायचे. अतामान दुतोव्हच्या कोसाकांनी ओरेनबुर्गची वाट अडवल्यावर ते थांबले, पाऊसही रुसला आणि दुष्काळ आला. ताश्कंदची सोव्हिएत सत्ता बहुतांशी रशियन रेल्वे कामगारांच्या आणि सैनिकांच्या हातात होती. कोकंदमध्ये मुसलमानांनी स्वायत्त सरकार स्थापले, ते फेब्रुवारी १९१८ मध्ये तोफा लावून मोडण्यात आले. अशा सत्तेने जूनमध्ये फ्रोलोव्ह नावाच्या कमिसाराला अश्काबादला पाठवले. त्याने लष्करी कायदा पुकारला आणि विरोध करणाऱ्या कामगारांना गोळ्या घातल्या. जुलैत अश्काबादचे रेल्वे कामगार उठले. किझिल-अर्वातला गेलेला फ्रोलोव्ह तिथेच मारला गेला.

नवे सरकार स्थापन झाले त्याचा प्रमुख फ्योदोर फुन्तिकोव्ह हा इंजिनचालक होता, समाजवादी क्रांतिकारक पक्षाचा. ताश्कंदच्या बाजूलाही इंजिनचालक, फिटर, पॉइंट्समन हेच होते. एकाच रेल्वेचे कामगार त्याच रेल्वेची इंजिने घेऊन एकमेकांवर धावून गेले. श्रीमंत विरुद्ध गरीब असा सरळ हिशोब इथे मांडता येत नाही, आणि नंतर सोव्हिएत पाठ्यपुस्तकांनी तो तसा मांडला तेव्हा अश्काबादचे हजारो कामगार त्यातून गाळावेच लागले. तुर्कमेनांचे म्हणणे काय, हे दोन्हीकडच्या रशियनांनी गांभीर्याने विचारले नाही. त्यांचे घोडेस्वार मात्र दोघांनाही हवे होते. अश्काबादच्या फौजेचे नेतृत्व तुर्कमेन सरदार ओराझकडे आले. त्याच्या माणसांना रेल्वे रशियनांची होती आणि रशियन गेओक-तेपेचे होते.

अश्काबादकडे शस्त्रे थोडी, पैसा त्याहून थोडा. त्यांनी डोंगरापलीकडच्या मशहदला दूत पाठवले.

मशहदमध्ये मेजर जनरल विल्फ्रिड मॅलेसन बसला होता. गुप्तवार्तेत आयुष्य गेलेला हा अधिकारी हिंदुस्थान सरकारने तिथे का ठेवला, याचे कारण त्या उन्हाळ्यात खरे होते. रशिया युद्धातून बाहेर पडला होता. तुर्की फौज बाकूच्या दिशेने सरकत होती. बाकू पडले की कास्पियन ओलांडायचा, क्रास्नोव्होद्स्कला गाडीत बसायचे आणि अफगाण सरहद्दीजवळ उतरायचे. वाटेत सुटलेले जर्मन-ऑस्ट्रियन कैदी सामील होणार, आणि काबूलचा अमीर डळमळला तर पुढे खैबर. सिमल्यात नकाशा पसरून बसलेल्या माणसाला हे भय वाटले यात नवल नाही. मॅलेसनजवळ मात्र माणसे मोजकीच होती, आणि त्यांची रसद क्वेट्ट्याकडून बलुचिस्तान आणि पूर्व इराणच्या उजाड वाटांनी, शेकडो मैल उंटांच्या पाठीवरून यायची.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात एक छोटी मशीनगन तुकडी डोंगर उतरून रेल्वेवर आली आणि १३ तारखेला मर्वच्या पुढे बैराम-अलीला तिने पहिली लढाई केली. अश्काबादची फौज हटली. तिची माघार सांभाळण्याचे काम या मूठभर पंजाबी शिपायांनी केले. अश्काबादच्या वतीने दोखोव्हने मॅलेसनशी करार केला तो १९ ऑगस्टला. गोळ्या आधी झाडल्या गेल्या आणि कागदावर सह्या सहा दिवसांनी झाल्या. करारात इंग्रजांनी सैन्य, दारूगोळा आणि पैसा द्यायचे कबूल केले. बदल्यात रेल्वे आणि बंदर तुर्क-जर्मनांच्या हाती पडू द्यायचे नाही. बोल्शेविकांशी लढणे हे या करारात साधन होते, साध्य नव्हते. हा फरक पंजाबी शिपायाला कोणी समजावून सांगितला असेल का? काखका स्टेशनावर २८ ऑगस्टला त्याला त्याचा प्रत्यय वेगळ्याच रीतीने आला. दोन्हीकडचे रशियन एकाच झारच्या सैन्यातून आलेले, अंगावर तेच कपडे, तोंडात तीच भाषा. मित्र कोण आणि शत्रू कोण हे ओळखता येईना. तरी त्यांनी काखका राखले. सप्टेंबरात आणखी दोन हल्ले परतवले.

काखकाच्या त्या लढाईत कॅप्टन रेजिनाल्ड टीग-जोन्स जखमी झाला. मॅलेसनचा हा तरुण, रशियन बोलणारा प्रतिनिधी त्यानंतर अश्काबादेत होता, आणि म्हणूनच त्याचे नाव पुढच्या घटनेला कायमचे चिकटले.

बाकूत स्तेपान शौम्यानच्या नेतृत्वाखालचे बोल्शेविक सरकार जुलैअखेर पायउतार झाले होते. त्याजागी आलेल्या सरकारने इंग्रजांना बोलावले, शौम्यान आणि त्याच्या सहकाऱ्यांना तुरुंगात टाकले. इंग्रज जनरल डन्स्टरव्हिल तुटपुंजी फौज घेऊन आला आणि महिन्याभरात, १४ सप्टेंबरच्या रात्री, बोटींत बसून निघून गेला. दुसऱ्या दिवशी तुर्क शहरात शिरले आणि आर्मेनियनांची भयंकर कत्तल झाली. त्या धांदलीत तुरुंगातून सुटलेले कमिसार 'तुर्कमेन' नावाच्या आगबोटीवर चढले. त्यांना अस्त्राखानला जायचे होते. खलाशांनी तिकडे जायला नकार दिला आणि बोट क्रास्नोव्होद्स्कला, म्हणजे अश्काबादवाल्यांच्या हातात नेली.

झडतीत एकाजवळ कागद सापडला. बाकूच्या तुरुंगात कैद्यांना भाकरी वाटण्यासाठी केलेली ती यादी होती. अश्काबादवाल्यांनी तिलाच कमिसारांची यादी मानले. त्या यादीवर मुख्यतः बोट ठेवून सव्वीस जण वेगळे काढण्यात आले; त्यांत खरे कमिसार थोडेच होते. अनास्तास मिकोयान बाकूच्या तुरुंगात नव्हता, म्हणून त्याचे नाव यादीत नव्हते. तो जगला आणि पुढे सोव्हिएत संघाच्या राष्ट्राध्यक्षपदापर्यंत पोहोचला. सव्वीस जणांना आगगाडीत बसवून २० सप्टेंबरच्या पहाटे पेरेव्हाल आणि अख्चा-कुयमा या स्टेशनांच्या दरम्यान, वाळूत, ठार मारण्यात आले.

मॅलेसनचे म्हणणे होते की या लोकांना आपल्या ताब्यात द्यावे, हिंदुस्थानात नेऊन ठेवू, अशी मागणी त्याने केली होती. निर्णयाच्या रात्री अश्काबादच्या समितीची बैठक चालू असताना टीग-जोन्स तिथे काही वेळ होता; निर्णय व्हायच्या आधी आपण निघालो, असे त्याने पुढे सांगितले. चाइकिन नावाच्या समाजवादी क्रांतिकारकाने मात्र सगळे खापर इंग्रजांवर, विशेषतः टीग-जोन्सवर फोडले. स्टालिनने ते उचलले, ट्रॉट्स्कीने उचलले. इसाक ब्रोद्स्कीने १९२५ मध्ये भले मोठे चित्र रंगवले आणि त्यात मारेकऱ्यांच्या बाजूला इंग्रज अधिकारी उभे केले. प्रत्यक्षात त्या जागी इंग्रज अधिकारी नव्हते, असेच आज बहुतेक अभ्यासक मानतात. टीग-जोन्सने सूडाच्या भीतीने नाव बदलले आणि रोनाल्ड सिंक्लेअर म्हणून १९८८ पर्यंत जगला. त्याचे खरे नाव जगाला कळले ते मृत्यूनंतर.

तरीही मॅलेसनला मी मोकळा सोडू शकत नाही. अश्काबादचे सरकार त्याच्या पैशावर आणि त्याच्या शिपायांच्या बंदुकांवर उभे होते. हे कैदी मला जिवंत हवेत, नाहीतर माझी पलटण परत जाईल, एवढे ठणकावून सांगायची ताकद त्या प्रदेशात फक्त त्याच्याकडे होती. त्याने मागणी केली, उत्तराची वाट पाहिली, आणि कैदी मेल्यावर नाराजी नोंदवली. ज्याच्या जोरावर सत्ता टिकते, त्याला त्या सत्तेच्या खुनांतून अंग काढून घेता येत नाही. मारल्या गेलेल्यांचा पक्ष उद्या ताश्कंदपासून बाकूपर्यंत राज्य करणार आहे, हे मॅलेसनच्या ध्यानात आले नसेल. पण सव्वीस निःशस्त्र माणसांचा जीव वाचवायला एवढा हिशोब लागायला नको होता.

या मोहिमेतली सर्वांत मोठी लढाई १४ ऑक्टोबरला दुशाक स्टेशनावर झाली. कर्नल नॉलिसची पंजाबी पलटण आणि २८व्या लाइट कॅव्हलरीचे स्वार रात्रभर चालत काखकाहून निघाले आणि उजाडता दुशाकसमोर आले. मधले मैदान उघडे होते. लाल मशीनगनांसमोर पंजाबी सरळ चालून गेले. पलटणीचे बहुतेक इंग्रज अधिकारी मेले किंवा जखमी झाले, तरी शिपायांनी आपल्या सुभेदार-जमादारांच्या हुकुमावर चढाई चालू ठेवली आणि संगिनीने स्टेशन घेतले. तोफेचा एक गोळा यार्डातल्या दारूगोळ्याच्या गाड्यांवर पडला आणि सगळे स्टेशन हादरले. मग जे व्हायचे ते झाले. अश्काबादच्या बाजूचे तुर्कमेन स्वार आणि इतर सैनिक गाड्या लुटण्यात गुंतले. काही जण लूट घेऊन घराकडे वळले. लाल फौजेची कुमक आली. सगळे रान पंजाब्यांच्या अंगावर उलटले आणि त्यांना जिंकलेले स्टेशन सोडून काखकाला परतावे लागले. पलटणीचे ४७ मेले, १३९ जखमी झाले. रिसाल्याचे ६ मेले, ११ जखमी झाले. लाल फौजेचे नुकसान याहून बरेच जास्त होते, इतके की तिनेही दुशाक सोडले, मर्वही सोडले. १ नोव्हेंबरला पंजाबी मर्वमध्ये होते.

त्या तारखेच्या दोन दिवस आधी तुर्कांनी शस्त्रे खाली ठेवली होती. ११ नोव्हेंबरला जर्मनीनेही ठेवली. ज्या तुर्क-जर्मन फौजेला अडवायला पंजाबी काराकुमला आले, ती फौज आता उरलीच नव्हती.

आणि तरीही पलटण तिथे आणखी पाच महिने राहिली. या पाच महिन्यांसाठीच मला हा प्रसंग महत्त्वाचा वाटतो. मूळ कारण संपले की दुसरे शोधले जाते, आणि ते सापडतेच. मित्रांना शब्द दिला आहे. आपण गेलो तर त्यांची कत्तल होईल. बोल्शेविझम हिंदुस्थानच्या उंबऱ्याशी येईल. एवढे सैनिक गमावल्यावर हात हलवत परतायचे कसे? यातले एकही वाक्य निव्वळ खोटे नव्हते. अर्खांगेल्स्कला, सैबेरियात, ओदेसात त्याच हिवाळ्यात हीच वाक्ये बोलली जात होती. अर्खांगेल्स्कला इंग्रज-अमेरिकन उतरले होते ते जर्मनीविरुद्धची पूर्व आघाडी पुन्हा उभी करण्यासाठी. जर्मनी हरल्यावर तिथल्या सैनिकांनाच कळेना आपण इथे का आहोत. ओदेसात फ्रेंच सैन्य डिसेंबरात आले आणि एप्रिलमध्ये निघून गेले, आणि त्याच महिन्यात काळ्या समुद्रातल्या फ्रेंच जहाजांवर खलाशांचे बंड झाले. जपान्यांचा हेतू वेगळा होता, त्यांना सैबेरियाचा किनारा हवा होता. त्यांचे ७०,००० पर्यंत सैनिक तिथे होते आणि व्लादिवोस्तोक त्यांनी सोडले ते थेट १९२२ च्या ऑक्टोबरमध्ये.

अश्काबादेत दरम्यान पैसा संपला. मॅलेसनने आपल्या मिशनच्या सहीने रुबलच्या वचनचिठ्ठ्या काढल्या आणि त्यांवर बाजार चालू लागला. वर्ष सरता सरता रेल्वे कामगार आपल्याच सरकारविरुद्ध सभा घेऊ लागले. त्यांना पगार हवा होता, ब्रेड हवा होता, युद्ध नको होते. तेव्हा हिंदी शिपाई शहराच्या रस्त्यांवर गस्तीला उतरले, फुन्तिकोव्ह हटवला गेला आणि इंग्रजांना मानवणारी समिती बसली. जुलैत जे कामगार जुलमाविरुद्ध उठले होते, त्यांच्यावर सहा महिन्यांत परकी संगिनींचा पहारा बसला. १६ जानेवारी १९१९ ला अनेन्कोव्हो स्टेशनावर लाल फौजेने मोठा हल्ला केला. तोही पंजाब्यांनी मोडून काढला. त्याच आठवड्यात ताश्कंदमध्ये ओसिपोव्ह या युद्ध-कमिसाराने आपल्याच चौदा सहकाऱ्यांना ठार करून बंड केले आणि ते फसले. त्या बंडाला काराकुमच्या बाजूने हात मिळाला असता तर काय, असा प्रश्न काही इतिहासकार विचारतात. मला वाटते, काही महिन्यांचा फरक पडला असता. पलटणीच्या बळावर तुर्कस्तान टिकवणे शक्य नव्हते, आणि दिल्लीच्या व्हाइसरॉयलाही ते कळत होते. चेम्सफर्डचे सरकार ही मोहीम गुंडाळावी असेच म्हणत होते.

कास्पियनपलीकडचे इंग्रज सेनापती मिल्न पाहणी करून गेले. माघारीचा हुकूम आला. अश्काबादच्या समितीचे पाय लटपटू लागले. तिला सांगण्यात आले की बोल्शेविकविरोधी सेनापती देनीकिनचे सैनिक येऊन तुमची जागा राखतील. एप्रिल १९१९ च्या पहिल्या दिवसांत पंजाबी पलटण निघाली. १३ एप्रिलला अमृतसरमध्ये जालियनवाला बाग झाली. दुशाकच्या मैदानात ज्यांनी साम्राज्यासाठी छातीवर गोळ्या झेलल्या, त्यांच्याच पंजाबच्या निःशस्त्र माणसांवर त्याच साम्राज्याने गोळ्या झाडल्या. ही दोन वृत्ते सलग वाचताना माझे मन फार वेळ स्थिर राहत नाही.

पुढचे भराभर घडले. मेमध्ये मर्व पडले, जुलैत अश्काबाद, फेब्रुवारी १९२० मध्ये क्रास्नोव्होद्स्क. वचनचिठ्ठ्या ज्यांच्या हातात होत्या, ज्यांची मुले अश्काबादच्या फौजेत होती, ज्यांनी इंग्रज अधिकाऱ्यांना घरात जागा दिली होती, ते सगळे तिथेच राहिले. अश्काबादला मर्वमध्ये मारल्या गेलेल्या पोल्तोरात्स्की या कमिसाराचे नाव देण्यात आले आणि १९२७ पर्यंत ते तेच राहिले. फुन्तिकोव्ह काही वर्षे लपून होता. तो सापडला, बाकूत त्याच्यावर खटला चालला आणि १९२६ मध्ये त्याला गोळी घालण्यात आली. कमिसारांचे बाकूतले स्मारक सोव्हिएत संघ मोडल्यावरही काही काळ उभे होते. अझरबैजान सरकारने २००९ मध्ये ते काढून टाकले आणि अवशेष शहराबाहेर पुरले.

हिंदुस्थानात या मोहिमेची फारशी वाच्यता झाली नाही, पण रशियाची झाली. १९१८ च्या जानेवारीतच पुण्याच्या 'केसरी'ने लेनिनची ओळख करून देणारा लेख छापला होता. १९२० मध्ये खिलाफतीच्या हाकेने घर सोडलेले शेकडो तरुण हिंदी मुसलमान अफगाणिस्तानातून अमुदर्या ओलांडून गेले. त्यांतली एक तुकडी केर्की या नदीकाठच्या गावात तुर्कमेन बंडखोरांच्या वेढ्यात सापडली आणि लाल सैनिकांच्या खांद्याला खांदा लावून लढली. दुशाकला दोन वर्षेही झाली नव्हती. त्याच प्रदेशात, त्याच युद्धात, हिंदी माणूस आता समोरच्या बाजूने बंदूक चालवत होता, आणि या वेळी त्याला तिथे कोणत्याही सरकारने पाठवले नव्हते. त्यांतले काही ताश्कंदला पोहोचले. तिथे त्या ऑक्टोबरमध्ये मानवेंद्रनाथ रॉय आणि इतरांनी हिंदी कम्युनिस्ट पक्ष स्थापन केला होता आणि हिंदी तरुणांसाठी लष्करी शाळाही चालू केली होती. केर्कीत लढलेल्यांपैकी शौकत उस्मानी पुढे हिंदुस्थानात परतला. १९२४ मध्ये कानपूरच्या खटल्यात त्याला चार वर्षांची सक्तमजुरी झाली, आणि त्याच्याबरोबर तेवढीच शिक्षा मुंबईच्या श्रीपाद अमृत डांग्यांनाही झाली.